गोलरक्षकाची उमेदवारी
अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीत सामने बहुधा शुक्रवारी व शनिवारी होत असल्याने, ६ फूट रुंद व ४ फूट उंच गोलाचे रक्षण करणाऱ्या तरुणास उरलेला आठवडा सरावासाठी लाभतो. व्यावसायिक संघात ती सवलत संपते, शिवाय गोलासमोर एकाचीच जागा असल्यामुळे बढतीही विलंबाने मिळते. विनिपेग जेट्स या व्यावसायिक संघाने २०१२ साली १३०व्या क्रमांकावर निवडलेल्या कॉनर हेलेबकने, मॅसॅच्युसेट्स-लोवेल विद्यापीठाकडून खेळून, उत्कृष्ट महाविद्यालयीन गोलरक्षकासाठी नव्याने मुक्रर झालेले माइक रिक्टर पारितोषिक २०१४ मध्ये प्रथमच संपादन केले, तरीही त्याला सेंट जॉन्सच्या दुय्यम संघात उमेदवारी करावी लागली. आमच्या मते ती त्याच्या हिताचीच ठरली. पुढे सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना चषक त्याने २०२०, २०२४ व २०२५ असा तीनदा मिळवला.