रोहित्राची पारख

मडके विकत घेताना आजीबाई ते बोटाने वाजवून पाहतात. नाद खणखणीत आला, तरच पैसे मोजतात. परंतु पुण्याच्या पेठांतून हिंडताना कुंपणाआड जी करड्या रंगाची लोखंडी पेटी दिसते, तिची पारख कशी करावी बरे? तिच्याजवळ जाणे हेच जिवावर बेतणारे! ही पेटी म्हणजे रोहित्र. व्यवहारात तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

दूरवरून वीज आणताना तिचा दाब फार मोठा ठेवतात. दाब वाढला की प्रवाह कमी लागतो आणि तारा तापून होणारी नासाडी घटते. पुण्याजवळ लोणीकंदच्या उपकेंद्रात ४ लाख व्होल्ट दाबाची वीज येते. तो दाब पायरीपायरीने उतरवीत नेतात. पेठेतील रोहित्राकडे वीज येते ती बहुधा ११ हजार किंवा २२ हजार व्होल्टची. घरातील दिव्याला मात्र २३० व्होल्ट पुरतात. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी शोधलेल्या तत्त्वावर हे काम चालते. लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. त्यांतील वेढ्यांच्या प्रमाणात दाब बदलतो.

रोहित्रावर एक पत्रा ठोकलेला असतो. त्यावर त्याची क्षमता, दोन्ही बाजूंचे दाब, तेलाचे प्रमाण आणि निर्मितीचे वर्ष कोरलेले असते. परंतु पत्र्यावरील अक्षरे हे केवळ वचन होय. ते खरे की खोटे, हे परीक्षेतच ठरते. म्हणून कारखान्यात वेढ्यांचे प्रमाण तपासतात, नेहमीपेक्षा अधिक दाब देऊन आवरणाची कसोटी पाहतात आणि तेलाचा नमुना घेतात. तेलात थोडा जरी ओलावा शिरला, तरी त्याची वीज अडविण्याची शक्ती खालावते.

खरी मेख नासाडीत आहे. ती दोन प्रकारची असते. वेटोळ्यांतील नासाडी भाराबरोबर वाढते. भार दुप्पट झाला की ती चौपट होते. गाभ्यातील नासाडी मात्र सारे दिवे मालवले, तरी रात्रंदिवस चालूच राहते. ती कमी व्हावी म्हणून गाभा सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ पत्र्यांचा करतात.

आता एक हिशेब करून पाहा. दोन रोहित्रांपैकी स्वस्त रोहित्राच्या गाभ्यात १०० वॉट अधिक वाया जातात, असे समजा. दिवसाला २.४ युनिटे, वर्षाला ८७६ युनिटे आणि २५ वर्षांत २१,९०० युनिटे वीज कोणाच्याही उपयोगी न पडता केवळ उष्णता होऊन जाईल! खरेदीच्या दिवशी वाचलेले पैसे मग कोठे राहिले?

म्हणून जाणता ग्राहक किंमत विचारण्यापूर्वी परीक्षेचा अहवाल मागतो आणि भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहतो. मुलांनो, तुम्हीही रोहित्राकडे कुतूहलाने अवश्य पाहा. मात्र ते कुंपणाबाहेरूनच!