कयाधूतला मासा कोण मोजणार?

जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती, म्हणून त्याची पुढची वाट नकाशावर उमटत गेली. तेलंगणाची सीमा, नांदेड, पैनगंगा अभयारण्य, पुसद, इसापूर, हिंगोली, वाशिम, अकोला असे करत तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची सुमारे १,३०० किलोमीटरची चाल झाली होती. त्याला ‘वॉकर’ हे नाव पडले. हिंगोली जिल्ह्यात तो दडून बसलेल्या झुडपात माणसे शिरली तेव्हा त्याने हल्ला केल्याची बातमी झाली आणि जिल्ह्याच्या आठवणीत वाघाची तेवढीच खूण राहिली. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी होती. ज्या जिल्ह्यात जंगल शोधावे लागते, तिथून वाघ शेतांमधून, रस्ते ओलांडून, ओढ्या-नाल्यांच्या काठाने पार झाला. दिवसा दडायला त्याला नाल्याकाठची झुडपे पुरली.

हिंगोलीतल्या वन्यजीवांबद्दल बोलायचे तर सुरुवात याच ओढ्या-नाल्यांपासून करावी लागते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा, मधून कयाधू, आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले. इथल्या रानाचा मोठा भाग वनखात्याच्या हद्दीत नाही. तो गायरानात, नदीकाठच्या पडीक पट्ट्यात, डोहांत आणि जलाशयांच्या फुगवट्यात विखुरलेला आहे. म्हणून इथे नदी वाचवण्याची चळवळ आणि वन्यजीव वाचवण्याची चळवळ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकत नाहीत. नदीची चळवळ इथे उभी आहे, पण तिची मोजपट्टी अजून फक्त पाण्याची आहे. ती बदलली पाहिजे. नदी सुधारली की नाही, हे किती दशलक्ष घनमीटर पाणी अडले यावर ठरवू नये. मे महिन्यात तिच्यात कोणते मासे तग धरून आहेत, त्यावर ठरवावे.

आधी श्रेय द्यायला हवे. कयाधू वाशिम जिल्ह्याच्या रिसोड भागात उगम पावते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी तालुक्यांतून वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचे नर्सी तिच्याच काठावर आहे. पावसाळा संपला की कोरडी पडणारी ही नदी पुन्हा वाहती व्हावी म्हणून उगम ग्रामीण विकास संस्था आणि जयाजी पाईकराव यांनी काठावरच्या गावांना बरोबर घेऊन दीर्घकाळ काम केले. ओघळींपासून पाणलोटाची कामे, गावागावांत नदीविषयीच्या बैठका, पदयात्रा अशी ती वाट. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून राज्य शासनाचे ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू झाले, त्यातही कयाधू आली. ज्या नदीकडे शहर सांडपाण्याचा नाला म्हणून आणि गाव वाळूची खाण म्हणून पाहत होते, तिला पुन्हा नदी म्हणायला लोकांना लावणे हे लहान काम नव्हे. पुढे कयाधूचे पाणी खरबीजवळून इसापूर जलाशयाकडे वळवण्याच्या योजनेविरुद्ध हिंगोलीकर रस्त्यावर आले, तेव्हा या नदीमागे माणसे उभी आहेत हे दिसून आले. पण त्या वादात दोन्ही बाजूंची भाषा एकच होती: पाणी कोणाचे आणि किती. नदीत राहणाऱ्यांचा विषय कोणी काढला नाही.

माशाला नुसते पाणी पुरत नाही, त्याला नदीचा घाट लागतो. उन्हाळ्यात प्रवाह तुटतो तेव्हा सगळा जीव डोहात गोळा होतो. त्या दोन-तीन महिन्यांत जे डोहात वाचते, तेच पुढच्या पावसाळ्याचे बियाणे. मृगाचा पहिला लोंढा आला की डोहातले मासे उलटे, वरच्या नाल्यांकडे निघतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. काही जाती वाहत्या पाण्यातल्या वाळू-गोट्यांवर अंडी टाकतात, काही पुराने बुडालेल्या काठच्या गवतात. वाम दगडांच्या कपारीत आणि चिखलात दडते. मरळीचे तर जवळून पाहण्यासारखे आहे. काठालगतच्या उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या जागेत ती घरटे करते, आणि पिल्ले बाहेर पडली की त्यांचा तांबूस थवा पृष्ठभागाजवळ फिरत असताना पालक खाली राखण करतात. काठ सरळ कापला, वनस्पती उपटल्या आणि तळ सपाट केला, तर पाणी कितीही साठो, मरळीला तिथे संसार करता येत नाही. आता एखादा नाला नजरेसमोर आणा, ज्यात पोकलेनने दोन्ही काठ खरवडून, तळ एकसारखा खणून, माती कडेला ढिगाने लावली आहे, आणि दर काही अंतरावर सिमेंटचा बंधारा बांधला आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे पावसाळ्याआधी काढायची असतात. ती वेळेवर निघाली तर मासा पार होतो. सिमेंट बंधाऱ्याला दारच नसते. चढणीचा मासा त्या भिंतीखाली अडतो आणि तिथेच जाळ्यात जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही. मराठवाड्यात टँकर लागतात, हिंगोलीचा सिंचनाचा अनुशेष वर्षानुवर्षे गाजतो, वसमत-कळमनुरीच्या हळदीला आठ-नऊ महिने पाणी द्यावे लागते; अशा ठिकाणी मरळीच्या घरट्याची चिंता कोणी करायची? पण हा आक्षेप धरून चालतो की खोलीकरणाने पाणी मिळतेच. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणाचा जो सपाटा लागला, त्याविरुद्ध अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले, आणि त्यातून निवृत्त मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुद्दा भूशास्त्राचा होता. दख्खनच्या बेसाल्टमध्ये भूजल मुख्यतः वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि भेगांत असते. नाला त्या थराच्या खाली खणला की शेजारच्या विहिरींचे पाणी उलट नाल्यात उतरू शकते. साठ्यातला गाळ काढणे ही वेगळी गोष्ट आहे. गाळमुक्त धरण योजनेतून तलावाचा गाळ शेतात गेला तर शेताचेही भले आणि तलावाचेही. पण नदीचा तळ म्हणजे गाळ नव्हे. वाळू आणि गोटे पाणी जिरवतात, रोखतात, गाळून देतात, आणि मासाही त्यांच्यावरच वाढतो. म्हणजे मासा आणि शेतकरी यांचे हित इथे एकाच थरात आहे. त्यांना समोरासमोर उभे करण्याची गरज खोदकाम करणाऱ्याला असते, शेतकऱ्याला नाही.

वाळूबद्दल फार लिहायला नको, सगळ्यांना सगळे माहीत आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. २०२३ मध्ये राज्याने ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले आणि दोन वर्षांत ते बदलले. घरकुलाला वाळू लागते हे मान्य. पण घरकुलाची वाळू आणि रात्रीच्या टिप्परची वाळू यांतला फरक गावाला कळतो.

मासेमारीच्या बाजूने येणारा आक्षेप जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर हे मोठे जलाशय आणि बाकीचे लहान तलाव यांवर भोई समाजाच्या आणि इतर सहकारी संस्थांचे पोट आहे. ठेका घ्यायचा, मत्स्यबीज किंवा बोटुकली सोडायची आणि कटला, रोहू, मृगळ काढायचे, हा तो व्यवसाय. मग मासे आहेतच की, असे कोणी म्हणेल. पण हे मासे मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, तिथे वीण मात्र घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण करून दाखवली, म्हणून आज देशभर बीज मिळते. त्याचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण जो मासा दरवर्षी विकत आणून सोडावा लागतो, त्याच्या उत्पन्नावरून नदीची प्रकृती ठरवता येत नाही. त्यात १९५२ साली देशात आणलेला तिलापिया आपोआप पसरला आणि बंदी असलेला आफ्रिकन मागूरही चोरवाटेने तळ्यांत शिरला. पैसे न देता मिळणारा, गरिबाच्या कालवणातला, आपोआप वाढणारा मासा तेवढा हिशेबाबाहेर राहिला.

त्याचा हिशेब मांडता येतो, हे भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांनी दाखवले आहे. तिथले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर ते सरकारकडे गेले आणि त्यांची राखण ढिली पडली. तलावांत बेशरम हे तण माजले, देशी मासे कमी झाले. मनीष राजनकर आणि त्यांच्या ‘फीड’ या संस्थेने ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना हाताशी धरले. आधी जुन्या ढिवरांना विचारून कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते याची माहिती गोळा केली. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा उघडा काठ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे सोडले. व्यापारी मासा बंद करा, असे त्यांनी सांगितले नाही. दोन्ही एकत्र वाढवले, आणि तलावांत मासे व पक्षी दोन्ही परतले. माहिती ढिवरांकडे होती, ती विचारणारा कोणी नव्हता, हे या कामाचे मर्म आहे. हिंगोलीत ती भोई समाजाकडे आहे. कयाधूच्या सभांना शेतकरी येतात, शिक्षक येतात, अधिकारी येतात. भोई व्यासपीठावर हवेत.

नदीकाठची झुडपे राखा म्हटले की तिसरा आवाज येतो: तिथूनच रोही (नीलगायी) आणि रानडुकरे शेतात शिरतात. नुकसान खरे आहे आणि भरपाई वेळेवर मिळत नाही ही तक्रारही. पण काठ साफ केल्याने रोही कमी झाल्याचे दिसत नाही. गायरान नांगरले गेले, लांडगा हटला, आणि चरायला उरली ती सोयाबीन. भरपाईसाठी लढावे, ती लढाई रास्त आहे. काठ तोडून मात्र त्या लढाईत काहीच हाती लागत नाही.

उरला कायद्याचा प्रश्न. विष किंवा स्फोटके टाकून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी डोहात ब्लीचिंग पावडर पडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कासवाला संरक्षण दिले, मरळ-वामीसारख्या नेहमीच्या माशाला नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीपात्रे आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले, म्हणजे हिंगोलीतले जवळजवळ सगळे पाणी बाहेर गेले. (गंमत अशी की महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीवरच्या सिंचनाच्याच बंधाऱ्यामुळे तयार झाले आहे.) उरतो तो २००२ चा जैवविविधता कायदा. त्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्यांना महिन्याला १० लाखांचा दंड सुनावला, तेव्हा सगळीकडे नोंदवह्यांची घाई उडाली. घाईत भरलेल्या नोंदवहीची किंमत सर्वांना ठाऊक आहे. पण हत्यार बोथट असले तरी ते गावाच्या हातात आहे, आणि त्याने काय होऊ शकते याचा दाखला याच राज्यात आहे. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, महादेव मंदिराच्या कुंडात एक नवा छोटा मासा सापडला, २०२० मध्ये त्याचे शास्त्रीय नाव ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ठरले, आणि २०२१ मध्ये शासनाने तिथली २.११ हेक्टर जागा कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ घोषित केली. बोटाएवढ्या माशासाठी एक कुंड राखता येते, तर कयाधूचा किंवा पैनगंगेचा बारमाही डोहही राखता येईल. हिंगोलीत दुर्मीळ जात सापडायची वाट पाहण्याचेही कारण नाही. वारसा स्थळ नाही झाले तरी ग्रामसभेचा ठराव होतो: हा डोह, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत, इथे यंत्र उतरणार नाही, वाळू निघणार नाही, उन्हाळ्यात जाळे पडणार नाही. असा ठराव करायला निधी लागत नाही.

नदीकाठच्या गावात राहणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे आहे. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही मागा, ती सार्वजनिक आहे. त्यात माशांचे पान काढा. ते कोरे असेल, किंवा तिथे फक्त कटला आणि रोहू लिहिले असतील, तर गावातल्या सर्वांत वयस्कर भोयाला बरोबर घेऊन पुढच्या ग्रामसभेत ते पान पुन्हा भरून घ्या, आणि त्याच सभेत डोहाचा ठराव मांडा.