पुस्तक फुकट, प्रवास महाग: इंटर-लायब्ररी लोनचा खर्च नेमका कुठून येतो?

ज्यांना हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय. विषय वरवर कोरडा वाटेल, पण लहान गावातून शिकायला बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा संबंध आहे. विषय आहे इंटर-लायब्ररी लोन, म्हणजेच आंतरग्रंथालयीन देवघेव.

कल्पना सोपी आहे. तुम्हाला हवं असलेलं पुस्तक तुमच्या लायब्ररीत नाही, पण दुसऱ्या लायब्ररीत आहे. मग तुमचे ग्रंथपाल ते तिकडून मागवतात, तुम्ही वाचता आणि पुस्तक परत जातं.

एक उदाहरण घेऊ. परभणी-परळी रेल्वेमार्गावर पोखर्णी हे गाव आहे, नृसिंहाच्या देवळासाठी ओळखलं जाणारं. समजा, तिथली एक मुलगी परभणीत इतिहासात एम.ए. करतेय. प्रकल्पाचा विषय मराठवाड्यातली जुनी देवळं. तिला लागणारं पुस्तक साठेक वर्षांपूर्वी छापलेलं, आता दुकानात मिळत नाही. एक प्रत पुण्यातल्या लायब्ररीत आहे. स्वतः जायचं म्हटलं तर जाण्यायेण्याचं तिकीट, मुक्काम आणि दोन दिवस. त्यापेक्षा पुस्तकानंच प्रवास केलेला बरा, नाही का?

पण हा प्रवास फुकट होत नाही. पुस्तकाचं भाडं नसलं तरी ते शोधणं, नोंद करणं, बांधणं, पोस्टात नेणं, परत आल्यावर तपासणं, हे सगळं माणसंच करतात. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांनी 1993 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा एका मागणीमागे दोन्ही लायब्रऱ्यांचा मिळून जवळपास 30 डॉलर खर्च निघाला. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा कर्मचाऱ्यांच्या वेळेचा होता!

दुसरा खर्च टपालाचा, आणि इथे आपल्याकडे अलीकडेच मोठा धक्का बसला. भारतीय टपाल खात्याची छापील पुस्तकांसाठी एक स्वस्त रजिस्टर्ड सेवा होती. लोक तिला सरसकट बुक पोस्टच म्हणायचे. डिसेंबर 2024 मध्ये ती अचानक बंद झाली. एक किलोच्या पुस्तकांना जिथे साधारण 32 रुपये पडायचे, तिथे रजिस्टर्ड पार्सलला 78 रुपये पडू लागले. पाच किलोचं गणित तर 80 वरून थेट 229 वर गेलं. आणि देवघेवीतलं पुस्तक जातं तसं परतही येतं, म्हणजे हा आकडा दोनदा मोजायचा.

प्रकाशक, वाचक, पुस्तकविक्रेते, सगळ्यांनी तक्रार केली. मग 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंगही आहे. मात्र हे टपाल जमिनीवरूनच जातं, त्यामुळे घाई असेल तर उपयोग कमी.

आता तुम्ही म्हणाल, सगळं ऑनलाइन असताना पुस्तक पोस्टानं कशाला पाठवायचं? प्रश्न रास्त आहे. संशोधन-लेखांच्या बाबतीत खरंच चित्र बदललंय. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत केंद्र सरकारनं 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवलेत. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं 6,300 हून जास्त सरकारी संस्थांना खुली झाली. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ अशा सरकारी विद्यापीठांसाठी ही योजना आहे. पण खासगी संस्थांची कॉलेजं पहिल्या टप्प्यात नव्हती, आणि तालुक्याच्या ठिकाणची बरीच मुलं शिकतात ती अशाच कॉलेजांत.

शिवाय ही सोय मुख्यतः नियतकालिकांची. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं जुनं मराठी पुस्तक त्यात मिळणार नाही. कॉपीराइट शिल्लक असलेलं अख्खं पुस्तक स्कॅन करून पाठवणंही लायब्ररीला सहसा शक्य नसतं. म्हणून विज्ञानातला लेख एका क्लिकवर येतो आणि मराठवाड्याच्या इतिहासावरचं पुस्तक अजून पार्सलनं येतं. खर्च वाढला की त्याची झळ पहिल्यांदा याच विषयांना बसते, आणि मोठ्या लायब्ररीपासून सगळ्यात लांब राहणाऱ्या विद्यार्थ्याला बसते. पुण्यातला मुलगा तेच पुस्तक चालत जाऊन वाचतो.

मग करायचं काय?

पहिलं, फुकट मार्ग आधी बघा. प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे.

दुसरं, अख्खं पुस्तक हवंय की एखादं प्रकरण, हे ठरवा. संशोधनासाठी थोड्या पानांची प्रत मिळू शकते, आणि स्कॅनला टपालखर्च लागत नाही.

तिसरं, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती असा पूर्ण तपशील घेऊन ग्रंथपालांकडे जा. अर्धवट माहितीमुळे त्यांचाच वेळ जातो, आणि तोच तर सगळ्यात महाग! तुमची लायब्ररी 'डेलनेट'ची सदस्य आहे का, हेही विचारा. 1988 पासून चालू असलेलं हे जाळं देवघेवीसाठीच ओळखलं जातं.

चौथं, वर्गातल्या चार-पाच जणांच्या मागण्या एकत्र द्या. एकाच लायब्ररीतली पुस्तकं असतील तर एकच पार्सल येतं.

आणि शेवटचं, टपालखर्च कोण भरतं, ते स्पष्ट विचारा. विद्यार्थी भरत असेल, तर कॉलेजच्या ग्रंथालय समितीला लेखी अर्ज द्या की हा खर्च लायब्ररीच्या बजेटमध्ये धरावा. पुस्तकं विकत घ्यायला पैसे ठेवतात, तसे ती मागवायलाही ठेवायला हवेत. मागणीच लेखी नसेल, तर बजेटमध्ये तिच्यासाठी ओळ कोण घालणार?

तुमच्या कॉलेजात काय पद्धत आहे, ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये सांगा. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!