कोल्हापूरचा देशी कॅमेरा

सिनेमाचा कॅमेरा घरीच घडवायचा, ही जिद्द चित्रकार बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांची. 1916 मध्ये आनंदराव गेले. तरी बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले साथीला होते आणि 1918 मध्ये कॅमेरा चालू झाला!

अशा कॅमेऱ्यात खरी मेख असते फिल्म सरकवण्यात. चित्र उमटताना ती क्षणभर अगदी स्थिर हवी, मग झडप बंद असतानाच पुढे ओढली जायला हवी, तेही सेकंदाला अनेकदा. जरा चूक झाली की चित्र थरथरणार. चित्रकाराच्या हातांनी हे यंत्र साधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1920 चा 'सैरंध्री' हा चित्रपट बाबूरावांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. कोल्हापुरात खरी कॉर्नरला या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, मुलांना जरूर दाखवा.