वाघाच्या छायाचित्राचे नाव

चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी प्रकल्पात व्याघ्रगणनेसाठी जंगलाचे २ चौरस किलोमीटरांचे चौकोन, म्हणजे ग्रिड, आखून त्यांत कॅमेरे जोडीने समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे सारखे नसतात. मात्र बहुतेक कॅमेरे छायाचित्रांना स्वतःच अनुक्रमांक देतात व तेच क्रमांक दुसऱ्या कॅमेऱ्यातही येत असल्याने, दोन कॅमेऱ्यांच्या मेमरी कार्डांवरील फायली एकाच फोल्डरमध्ये, म्हणजे संगणकावरील कप्प्यात, ओतल्यास एक फाईल दुसरीला पुसून टाकू शकते. म्हणून कर्मचाऱ्यांना ग्रिड, कॅमेरा व तारीख या ठरलेल्या क्रमाने नाव देण्याची सवय लावणे अगत्याचे ठरते. तारीख वर्ष, महिना, दिवस अशी लिहिल्यास प्रत्येक कॅमेऱ्याची यादी आपोआप कालक्रमाने लागते. ठरलेल्या पद्धतीने नाव देण्याची अशीच शिस्त वाघांच्या नोंदींतही दिसते: पर्यटकांची लाडकी वाघीण ‘माया’ नोंदीत ‘टी-१२’ होती.