मेंदूच्या प्रयोगशाळेत कोण राबतं?

ऑक्टोबर २०२४मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींहून अधिक जोड. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात माला मूर्ती आणि सेबॅस्टियन सुंग यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेल्या या प्रकल्पात पेशींचे आराखडे संगणकाने काढले. पण कुठे तुटलेले, कुठे भलतीकडे जोडले गेलेले धागे दुरुस्त करायला माणसंच लागली. पगारी तपासनीस, संशोधक आणि हौशी स्वयंसेवक पडद्यापुढे बसून एकेक फांदी निरखत होते.

भारतात मेंदू-संशोधनाच्या क्षेत्राचं नेहमीचं दार म्हणजे जेआरएफ, अर्थात कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती. जानेवारी २०२३पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. पुढे ज्येष्ठ छात्रवृत्ती ४२,०००, तर पीएचडीनंतर रिसर्च असोसिएटची सुरुवात ५८,००० रुपयांपासून. इतक्या चिकाटीच्या कामाला ही रक्कम तुटपुंजीच. त्यात प्रकल्पावरची नेमणूक प्रकल्पाबरोबर संपते.

रोजचं काम? उंदरांची देखभाल, नीतिसमितीच्या परवानग्या, गोठवलेल्या मेंदूचे केसाहून पातळ काप, मग तासन्‌तास सूक्ष्मदर्शक.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) विदिता वैद्य यांचा गट सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि बालवयातल्या ताणाचे परिणाम अभ्यासतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत चेतापेशींची गणिती प्रतिमानंही रचली जातात. अशा कामाला भौतिकशास्त्र, गणित किंवा संगणकाचे पदवीधरही हवे असतात.