थेलोनिअस मंक : एका परवान्याची किंमत

श्रमाच्या बाजारपेठेची चर्चा करताना अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके एक गोष्ट सहसा गृहीत धरतात. ज्याच्या अंगी कौशल्य आहे आणि ज्याची काम करण्याची इच्छा आहे, त्याला आपले श्रम विकण्याची मोकळीकही आहे, असे ती मानतात. ही मोकळीकच काढून घेतली तर काय होते, याचा एक बोलका दाखला न्यूयॉर्क शहराच्या इतिहासात सापडतो. १९४० पासून १९६७ पर्यंत त्या शहरात मद्य मिळणाऱ्या करमणुकीच्या ठिकाणी काम करावयाचे, तर पोलीस खात्याचे एक ओळखपत्र जवळ असणे सक्तीचे होते. ‘कॅबरे कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. वादक असो, गायिका असो, वाढपी असो वा आचारी, प्रत्येकाला त्यासाठी पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यावे लागत. हे कार्ड नाकारण्याचा वा काढून घेण्याचा अधिकार पोलिसांच्याच हाती होता. आधुनिक जॅझचा एक आद्य शिल्पकार, पियानोवादक व रचनाकार थेलोनिअस मंक याच्यावर हे कार्ड गमावण्याची पाळी एकाहून अधिक वेळा आली. म्हणूनच त्याच्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास हा केवळ संगीताचा इतिहास राहत नाही.

मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रॉकी माउंट या गावी झाला. १९२२ मध्ये हे कृष्णवर्णीय कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि मॅनहॅटन भागातील एका गरीब वस्तीत स्थिरावले. शालेय शिक्षण अर्धवट सोडून मंक ऐन किशोरवयात एका धर्मप्रचारक मंडळीबरोबर वाद्य वाजवीत गावोगाव हिंडला. १९४० नंतर लवकरच हार्लेममधील ‘मिंटन्स प्लेहाउस’ या ठिकाणी त्याला नियमित पियानोवादकाचे काम मिळाले. रात्री उशिरा, आपापली कामे आटोपून, डिझी गिलेस्पी, चार्ली ख्रिश्चन, चार्ली पार्कर यांसारखे तरुण वादक तेथे जमत. नृत्याच्या साथीला जुंपलेल्या जॅझला त्यांनी स्वतंत्र, श्रवणाचे संगीत बनविले. पुढे ‘बीबॉप’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या प्रवाहाची स्वररचना घडविण्यात मंकचा वाटा मोठा होता.

तथापि, त्या प्रवाहातही तो वेगळाच राहिला. त्याचे सहकारी द्रुत लयीत स्वरांचा वर्षाव करीत. मंक स्वर वगळीत जाई. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून तो असा कर्कश वाटणारा स्वरमेळ काढी, की वाद्यावर नसलेला मधलाच एखादा स्वर तो शोधीत आहे असे वाटावे. जेथे ठोका अपेक्षित असेल तेथे तो थांबे आणि श्रोता बेसावध असताना तो ठोका देई. समेच्या अलीकडे किंचित रेंगाळणाऱ्या गायकाची गंमत ज्याने अनुभवली आहे, त्याला या थांबण्याचे मर्म उलगडून सांगण्याची गरज नाही. परंतु त्या काळच्या अनेक समीक्षकांना ते मर्म कळले नाही. या माणसाला पियानो वाजविताच येत नाही, असाही शेरा त्याच्यावर मारला गेला.

तबकडी आणि तुरुंग

‘ब्लू नोट’ या लहानशा कंपनीने १९४७ मध्ये त्याच्या नावाने पहिल्या तबकड्या काढल्या, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याआधीच, १९४४ मध्ये, त्याची ‘राउंड मिडनाइट’ ही रचना कूटी विल्यम्सच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केली होती. जॅझमधील सर्वाधिक वाजविल्या गेलेल्या रचनांत आज तिची गणना होते. पण तिच्या श्रेयात विल्यम्सचे आणि गीतकाराचे नाव जोडले गेल्याने मंकच्या मानधनाला प्रथमपासूनच वाटेकरी निर्माण झाले. ‘ब्लू नोट’च्या तबकड्यांचा खप बेताचाच होता. म्हणजे वादकाचे पोट तबकडीवर नव्हे, तर रात्रीच्या क्लबमधील रोजच्या कामावर चाले. नेमके तेच काम पोलिसांच्या कार्डावर अवलंबून होते.

१९५१ च्या जुलैत मंकने ‘ब्लू नोट’साठी ‘स्ट्रेट, नो चेझर’ आणि ‘क्रिस क्रॉस’ यांसारख्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. ऑगस्टमध्ये तो आणि त्याचा मित्र, श्रेष्ठ पियानोवादक बड पॉवेल, एका उभ्या मोटारीत असताना पोलिसांनी झडती घेतली व त्यांना हेरॉइन सापडले. ते मंकचे नव्हते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु मित्राविरुद्ध तोंड उघडण्यास त्याने नकार दिला आणि साठ दिवस तुरुंगात काढले. बाहेर आल्यावर कार्ड गेलेले होते. तुरुंगवास साठ दिवसांचा. कामाची बंदी मात्र सुमारे सहा वर्षांची! घरात लहान मुलगा होता, पुढे मुलगीही झाली. ही वर्षे संसार रेटला तो पत्नी नेली हिने, शिवणकामासारख्या नोकऱ्या करून. मंकच्या चरित्रात या मिळकतीचा उल्लेख ओझरता येतो. वस्तुतः त्या काळातील रचनांमागचे भांडवल तेच होते.

या नियमातील विसंगती अशी, की तो मद्य मिळणाऱ्या ठिकाणांनाच लागू होता. सभागृहातील मैफलीसाठी कार्ड लागत नसे. १९४७ मध्ये शिक्षा झाल्यानंतर गायिका बिली हॉलिडे हिला न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये गाता येत नव्हते. पण १९४८ मध्ये तिने कार्नेगी हॉलमध्ये गायन केले. हजारो श्रोत्यांसमोर जी व्यक्ती निर्धोक, ती शंभर माणसांच्या खोलीत घातक कशी ठरते, याचे समाधानकारक उत्तर या नियमात शोधूनही सापडत नाही. सभागृहातील मैफल वर्षाकाठी एखाद्या वेळी, क्लबचे काम मात्र रोजचे. म्हणजे कार्ड हिरावले गेले ते प्रतिष्ठेवर नव्हे, भाकरीवर.

एकशे आठ डॉलर

बाजारपेठेनेही मंकचे मोल याहून फार वेगळे केले नाही. १९५२ पासून तो ‘प्रेस्टिज’ कंपनीसाठी वाजवीत होता. १९५५ मध्ये ‘रिव्हरसाइड’ या नव्या कंपनीने त्याला तेथून सोडवून घेतले. त्यासाठी ‘प्रेस्टिज’कडून घेतलेली उचल तेवढी फेडावी लागली. निर्माता ऑरिन कीपन्यूज याने नंतर सांगितल्याप्रमाणे ती रक्कम होती १०८ डॉलर २७ सेंट. याच करारातून १९५६ मध्ये ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ही ध्वनिमुद्रिका निर्माण झाली. तिची शीर्षकरचना इतकी अवघड, की सनी रॉलिन्स आणि मॅक्स रोच यांच्यासारखे वादक असूनही पंचवीसएक प्रयत्नांत ती एकदाही सलग पूर्ण झाली नाही. शेवटी निरनिराळे तुकडे जोडून ती सिद्ध करावी लागली.

१९५७ मध्ये कार्ड परत मिळाले. त्या जुलैपासून ‘फाइव्ह स्पॉट’ या छोट्या क्लबमध्ये मंकच्या चौकडीने काही महिने वाजविले आणि तरुण सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्याच्या साथीला राहिला. जॅझच्या इतिहासातील या अपूर्व पर्वाचे ध्वनिमुद्रण मात्र अत्यल्प आहे, कारण कोल्ट्रेन दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होता. त्याच नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमध्ये या चौकडीने केलेल्या वादनाची फीत २००५ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयात सापडली, तेव्हा कोठे जगाला त्या महिन्यांची खरी कल्पना आली.

हे सुख वर्षभरच टिकले. ऑक्टोबर १९५८ मध्ये डेलावेअर राज्यात, प्रवासात असताना, मंक पाणी मागण्यासाठी एका मोटेलमध्ये शिरला. त्याच्या अबोलपणाने बिथरलेल्या मालकांनी पोलिसांना बोलावले. मोटारीतून उतरण्यास तो तयार होईना, तेव्हा पोलिसांनी त्याच्या हातांवर दंडुके मारले. एका पियानोवादकाच्या हातांवर! सोबत असलेल्या पॅनोनिका या त्याच्या स्नेही महिलेवर अमली पदार्थांचा खटला भरला गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने ती झडतीच बेकायदा ठरविली. पण मंकचे कार्ड पुन्हा एकदा जप्त झाले होते आणि ते परत मिळण्यास १९६० साल उजाडले.

त्यानंतर मानसन्मान आले. १९६२ मध्ये ‘कोलंबिया’ या बड्या कंपनीशी करार झाला आणि २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले. परंतु तोवर त्याच्या बहुतेक महत्त्वाच्या रचना होऊन गेल्या होत्या. मनोविकार बळावत होता. १९७१ मध्ये त्याने अखेरचे ध्वनिमुद्रण केले आणि १९७६ नंतर जाहीर वादन थांबविले. पॅनोनिकाच्या न्यू जर्सीतील घरी अखेरची वर्षे काढून १७ फेब्रुवारी १९८२ रोजी तो निवर्तला. २००६ मध्ये त्याला मरणोत्तर पुलित्झर गौरव मिळाला.

न वाजलेले संगीत

कॅबरे कार्डाचे समर्थन करणारे म्हणत, की रात्रीच्या धंद्यात गुन्हेगारी आणि अमली पदार्थ शिरले होते. त्यांना आळा घालणे शासनाचे कर्तव्यच होते. कर्तव्य मान्य केले तरी उपाय समर्थनीय ठरत नाही. गुन्ह्याचा निवाडा करावयाचा तर न्यायालय आहे. न्यायालयाच्या पाठीमागून कार्यालयीन शिक्क्याने माणसाची उपजीविका काढून घेणे, ही दुसरी शिक्षा होय, आणि तिला ना मुदत ठरलेली, ना पुरावा आवश्यक. व्यसनाला याने आळा बसला, असेही दिसत नाही. बिली हॉलिडे १९५९ मध्ये वारली, ती कार्डाविनाच.

आणखी एक युक्तिवाद अधिक मोहक आहे. काम नसल्यामुळेच मंकला रचना करण्यास सवड मिळाली, हालअपेष्टांतूनच कला फुलते, असे काही रसिक म्हणतात. पण कारकिर्दीचा क्रम पाहिला तर हे टिकत नाही. ‘राउंड मिडनाइट’ बंदीपूर्वीची आहे, ‘स्ट्रेट, नो चेझर’ही बंदीपूर्वीची आहे, आणि कोल्ट्रेनबरोबरचे ते पर्व तर कार्ड परत मिळाल्यामुळेच शक्य झाले. बंदीच्या काळात जे निर्माण झाले त्याचे श्रेय मंकला आणि नेलीला आहे, बंदीला नव्हे.

मंकच्या सुमारे सत्तर रचना आज जगभर वाजविल्या जातात; त्यांची मोजदाद करता येते. ज्या रात्री त्याला वाजवू दिले गेले नाही, त्यांची नोंद मात्र कोणत्याच हिशेबवहीत नाही. परवाना नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला आपण समाजाचे काय नुकसान केले हे कधीच दिसत नाही, कारण जे घडले नाही ते कोणी ऐकलेलेही नसते. माणसाच्या कामावर शिक्का मारण्याचा अधिकार शासनाने हाती घेताना हा न दिसणारा खर्चही मांडला पाहिजे. न्यूयॉर्कला तो ध्यानी येण्यास सत्तावीस वर्षे लागली.